अक्षर माझं नव्हतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि पंचवीस वर्षं ज्यांच्यासोबत एका टेबलावर डबा उघडला त्या शिक्षकांपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतोय? बहुतेक तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. दिसला असता तर पुन्हा गप्प बसलो असतो. स्वभावच तसा आहे – आधीच सांगून ठेवतो.

मी घाटनांदूरजवळच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. वय चोपन्न. गेल्या काही वर्षांत माझं थोडं नाव झालंय. एखादा मुलगा मुलाकडे ओढला जातो, एखादी मुलगी मुलीकडे – त्यांना घरात आणि गावात जे ऐकून घ्यावं लागतं ते खोटं कसं आहे, हे मी त्या पोरांना समजावतो. तालुक्याच्या प्रशिक्षणात यावर तासभर बोलतो. परळीहून, लातूरहून शिक्षकांचे फोन येतात. सर, एक विद्यार्थी आहे, लई खचलाय, बोलाल का त्याच्याशी? मी बोलतो. लोक म्हणतात, आपल्या भागात हे करायला छाती लागते. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

विनय नाही तो.

अंगदबद्दल सांगायचं तर आधी कोयत्याबद्दल सांगावं लागेल. आमच्याकडे ऊसतोडीची टोळी माणसांनी मोजत नाहीत, कोयत्यांनी मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम त्याला घ्यायला नाखूश असतो. त्यामुळे आमच्या भागातली कितीतरी लग्नं मुलामुलीकडे बघून ठरत नाहीत, टोळी कधी निघणार ते बघून ठरतात. दसऱ्याच्या आत उरकली पाहिजेत. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. आम्हाला वाटत नाही.

अंगद माझा विद्यार्थी. आईवडील सहा महिने कारखान्यावर, हा आत्याकडे राहून शिकला. बारावी झाला आणि स्वतःच टोळीत जाऊ लागला – पण लग्न न करता. शेजारच्या वाडीच्या फुलचंदबरोबर. दोन पुरुषांचाही कोयता चालतो म्हणा. भाऊ-भाऊ जातात, चुलता-पुतण्या जातात. हे दोघं दोन हंगाम गेले आणि कुठल्याही नवरा-बायकोपेक्षा कमी ऊस त्यांनी तोडला नाही. टोळीतल्या बायका विचारायच्या, का रं, तुमच्यात मोळ्या कोण बांधतं? फुलचंद म्हणायचा, ज्याची कंबर दुखत न्हाई तो. अंगदनं मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. तो कसा हसायचा हे माझ्या नीट लक्षात आहे.

रविवारी मी शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. बाटल्या पुसायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या – घरच्या गर्दीपेक्षा मला ते बरं वाटायचं. हंगाम संपला की अंगद तिथे यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं जनावरांबद्दल विचारलं. त्याच्या आजोबांची मेंढरं होती. कळपातला एखादा एडका एडक्याच्याच मागे असतो हे त्यानं लहानपणीच बघितलं होतं. म्हणाला, त्येला कुणी देवऋष्याकडं नेलेलं मी तर बघितलं न्हाई, सर. मग स्वतःबद्दल सांगितलं. आणि फुलचंदबद्दल.

मी त्या दिवशी चांगला वागलो. हे सांगायला हवं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मी दचकलो नाही, उपदेश केला नाही. मी वाचलेलं होतं. हा आजार नाही, हे मला पक्कं माहीत होतं – ऐकीव नाही, माहीत होतं. मी ते त्याला सांगितलं. पुढच्या रविवारी तो शंभर पानी वही घेऊन आला. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'लोक म्हणतात', उजवीकडे 'सर म्हणतात'. कानावर आलेलं जे जे होतं ते तो डावीकडे लिहून आणायचा. बाहेरची हवा लागली. आईनं फार लाडावलं म्हणून झालं. मोबाईलनं झालं. देवाला चालत नाही. लग्न लावून द्या, आपोआप सुधारतं. मी एकेक घ्यायचो, त्याला कळेल असं बोलायचो, आणि तो उजवीकडे लिहायचा. कोर्टानं हा गुन्हा नाही म्हटल्याची बातमी पेपरात आली, ते कात्रणही मी त्याला दिलं. त्यानं वहीत चिकटवलं.

एकदा तो म्हणाला, सर, हे पान तुमी तुमच्या हातानं लिहून द्या ना. मी म्हणालो, तूच लिही, स्वतः लिहिलेलं ध्यानात राहतं. शिक्षकाला शोभेल असंच उत्तर होतं. पण त्या वहीत माझ्या हाताचं एक अक्षरही नको, हे मला तेव्हाच वाटलं होतं का? वाटलं होतं. म्हणजे जे पुढे झालं ते एका क्षणात झालं नाही. मी त्याची सोय आधीच करून ठेवली होती.

तिसऱ्या वर्षी टोळी निघायच्या आधी त्याच्या वडिलांनी – रामकिसन त्यांचं नाव – सिरसाळ्याच्या पलीकडची एक मुलगी बघितली. अंगदनं नाही म्हटलं. का, असं आईनं विचारलं तेव्हा तिला खरं काय ते सांगितलं. तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं भावाला, आणि एका दुपारी मारुतीच्या पारावर भावकी बसली. आदल्या दिवशी अंगद माझ्याकडे आला. त्याची मागणी फार नव्हती. तो म्हणाला, तुमी नुसतं बसा, सर. मी बोलतो. कुणी म्हणलं हे कुठून आणलंस, तर मी तुमच्याकडं बघीन. तेवढंच.

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

पारावर पंधरा-वीस माणसं असतील. रामकिसन, त्यांचे थोरले भाऊ ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, टोळीचा मुकादम, बाकी भावकीतले. अंगदची आई खाली, कडुलिंबाखाली उभी. मला सतरंजीवर पुढे बसवलं. मास्तरला बसवतात तसं. अंगद उभा राहिला आणि वही उघडून बोलू लागला. चांगलं बोलला. एकेक मुद्दा सोडवत गेला, वर्गात गणित सोडवावं तसा. मला – खरं सांगतो – अभिमान वाटत होता. कुणी मधे बोललं नाही. मुकादम तर विडी हातात धरून ऐकत होता, ओढायची विसरून.

मग अप्पांनी विचारलं, "काय बे, हे कुणी शिकवलं तुला?" अंगदनं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. अप्पा थोडं थांबले आणि म्हणाले, "सर, तुमी नुसतं पुस्तकातलंच शिकवलं का परयोग बी करून दाखवला?"

सगळा पार हसला. मोठ्यानं हसला. मुकादम हसला, समोरच्या दुकानात बसलेले दोघं हसले, माझे दोन माजी विद्यार्थी होते तेही हसले. मला आठवतं, मी पण हसलो. थोडंसं. हसू मावळायच्या आत मला त्यांच्यातलं एक व्हायचं होतं.

रामकिसन मात्र हसले नव्हते. हे तुम्ही ध्यानात घ्या. ते माझ्याजवळ सरकले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, गोंधळ होता, आणि गोंधळाखाली काहीतरी विचारायची खरी इच्छा. ते म्हणाले, "सर, तुमी शिकलेले. हे खरं हाय म्हणा, मी आत्ता पाहुण्याला फोन करतो. लगीन थांबवतो."

एक शब्द पुरे होता. 'आहे.' एवढाच.

मी अंगदच्या हातातून वही घेतली. दोन-तीन पानं उलटली, तपासायला आलेली असावी तशी. आणि म्हणालो, "हे अक्षर माझं नाही."

त्यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. नुसतं गप्प राहिलो, आडवळणानं बोललो, माणूस घाबरतो कधी. एवढंच असतं तर मी हे तुम्हाला सांगितलंही नसतं कदाचित.

पण एवढंच नव्हतं. त्यानंतर मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. रामकिसन माझ्याकडे बघत होते, सगळा पार शांत झाला होता, आणि ती शांतता मला सहन झाली नाही. मी वही मिटली आणि आपण होऊन बोलू लागलो. वर्गात बोलतो त्या आवाजात. म्हणालो, पोरं मोबाईलवर काहीबाही बघतात. हा मनाचा आजार आहे, या वयात होतो. घाबरण्यासारखं नाही. लग्न झालं की जातो.

वहीच्या डाव्या बाजूचं वाक्य मी उजव्या बाजूच्या माणसाच्या तोंडानं बोललो.

अंगद भांडला नाही. त्याला मी काय काय सांगितलं होतं, कुठल्या रविवारी, कुठल्या टेबलाशी – तो सगळं सांगू शकला असता. त्यानं माझ्याकडे बघितलं फक्त. फळ्यावरचं उत्तर आपल्या वहीतल्या उत्तराशी जुळत नाही तेव्हा मुलं बघतात, तसं. हुशार आणि सरळ मुलगा असेल तर त्याला वाटतं, फळा कसा चुकेल, उतरवून घेताना आपलंच काहीतरी राहिलं. तो वडिलांना म्हणाला, "माझीच समजायची गल्लत झाली असंल." आणि खाली बसला.

वही माझ्या हातातून अप्पांनी घेतली. तिचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

लग्न बारा दिवसांनी झालं. मी गेलो होतो. टॉवेल-टोपीचा मान घेतला, अक्षता टाकल्या. मुलीचं नाव अनिता. तिचा यात काय संबंध होता? तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगू शकणाऱ्यांतला एक माणूस पहिल्या पंगतीत बसून जेवत होता. पंधरवड्यात दोघं टोळीबरोबर गेले – पूर्ण कोयता. फुलचंदला त्याच्या घरच्यांनी पुण्याला नातेवाइकांकडे हमालीला पाठवलं. गावच्या जत्रेलाही तो परत आलेला नाही.

दीडेक वर्षानं मी भाषणं देऊ लागलो. तुम्ही म्हणाल, प्रायश्चित्त म्हणून. मीही तसं म्हणून बघितलं. पण मी जिथे बोललो ते अंबाजोगाईचं सभागृह होतं, खुर्च्या होत्या, समोर अनोळखी शिक्षक होते. तिथे कुणी हसत नाही, आणि हसलं तरी सकाळी दुधाच्या रांगेत भेटत नाही. आमच्या गावात मी या विषयावर आजतागायत एक वाक्य बोललेलो नाही. फोनवर आलेल्या मुलांना मात्र मी खरंच मदत केली. त्यातली काही सावरली. ते खरं आहे. पण तो हिशेब वेगळा आहे, या हिशेबात तो धरता येत नाही.

सात वर्षं अंगद मला रस्त्यात भेटला की थांबून नमस्कार करायचा. मी कसा आहेस विचारायचो. बरं हाय, सर. त्याला मुलगी झाली. तो बारीक झाला, बोलणं कमी झालं. मी त्यापलीकडे कधी काही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात, टोळ्या परत आल्यावर, एका रविवारी सकाळी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. बरोबर धाकटी बहीण, सुरेखा. ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकते, वीस वर्षांची. दोघं बसले. अंगदनं इकडेतिकडे बघितलं आणि सरळ मुद्द्यावर आला. हिचं स्थळ ठरतंय, ही नको म्हणते. एक मैत्रीण हाय तिकडं. मला एकट्याला सांगितलंय हिनं. मग तो म्हणाला, "सर, हिला बी माझ्यासारखंच हाय. पारावर मला जे सांगितलं ते हिला सांगा. तुमचं ऐकंल ती."

मी विचारलं, तू कसा आहेस आता? तो म्हणाला, पुष्कळ फरक हाय. लातूरकडच्या एका वैद्याची पुडी घेतो दर महिन्याला, न चुकता. पुरतं जात न्हाई अजून, पण जाईल. तुमीच म्हणला होता ना, जातं म्हणून.

सुरेखा तोवर खाली बघत होती. ती म्हणाली, "मला सांगू नका, सर. हा आजार न्हाई ते मला माहिती हाय, आमच्या पुस्तकात बी तसं न्हाई. तुमी दादाला सांगा. सात वर्षं झाली, तुमच्या शब्दावर पुड्या खातोय त्यो."

मी काय विचार केला? तुम्हाला वाटेल, त्या दोघांचा केला. नाही. पहिला विचार आला तो हा – ही अंबाजोगाईला शिकते, तिथे मला सगळे ओळखतात, हिनं तिथे कुणाला सांगितलं तर? तो विचार गेला, मग दुसरा आला. खोटं चालू ठेवलं तर या मुलीचं लग्न लागणार. खरं बोललो तर अंगदची सात वर्षं, अनिताची सात वर्षं, पुण्याला गेलेला तो फुलचंद – हे सगळं कशासाठी झालं, ते मला याच टेबलाशी त्याच्यापुढे ठेवावं लागणार. ज्या खोट्यावर तो उभा होता ते काढून घ्यायचं, आणि त्याजागी द्यायला माझ्याकडे काहीच नाही.

मी सांगितलं. हा आजार नाही, अंगद. तेव्हाही नव्हता. तुझ्या वहीतलं सगळं बरोबर होतं. उतरवून घेताना तुझं काही चुकलं नव्हतं. पारावर मी खोटं बोललो.

तो म्हणाला, "कावून?"

मी म्हणालो, घाबरलो.

"कुणाला?"

अप्पांनी थट्टा केली तेव्हा लोक हसले, मी म्हणालो. अजून हसतील असं वाटलं.

अंगदनं यावर नीट विचार केला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "हसले असते, सर," तो म्हणाला. "मंग?"

मी असं म्हणू शकलो असतो की बदली झाली असती, घरात त्रास झाला असता, मुलाच्या लग्नात अडचण आली असती. यातलं काहीच तेव्हा माझ्या मनात नव्हतं. मनात फक्त ते हसणं होतं.

तो उठला. सुरेखाला म्हणाला, चल. दारात त्यानं मला नमस्कार केला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.

दोन आठवड्यांनी सुरेखाचा फोन आला. तिच्या स्थळासाठी पुन्हा भावकी बसली होती, त्याच पारावर. मला बोलावलं नव्हतं. तिचं काय ते तिनं बोलायचं ठरवलं होतं, पण आधी अंगद उभा राहिला. हिचं लगीन हिच्या मनाविरुद्ध होणार न्हाई, म्हणाला. मला कसला आजार न्हाई, कधीच नव्हता, आणि माझ्याशी जे केलं ते हिच्याशी करू देणार न्हाई. अनिता तिथे होती का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. सध्या स्थळ मोडलंय. रामकिसन तीन दिवस मुलाशी बोलले नाहीत, चौथ्या दिवशी बोलले. पुढचं तिलाही माहीत नाही.

अप्पा काही म्हणाले का, एवढं मी विचारलं.

म्हणाले, ती म्हणाली. तसलंच काहीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. दादा तसाच उभा राहिला, त्यांचं हसून होईपर्यंत. मग पुढचं बोलला.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "लई वेळ न्हाई हसले, सर."